चाकुलियाचा मुरूम

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी टाटानगर सोडते, घाटशिला आणि धालभूमगड मागे टाकते आणि झारखंडची हद्द संपण्याच्या थोडे आधी चाकुलिया नावाच्या लहानशा स्थानकावरून पुढे निघून जाते. नोकरीच्या निमित्ताने जमशेदपुरात राहत असताना या मार्गावरून मी कितीतरी वेळा गेलो. दोन्ही बाजूंना सालाची झाडे, मधूनमधून भाताची खाचरे आणि जिथे जमीन उघडी पडली आहे तिथे लाल माती, एवढेच खिडकीतून दिसत असे. त्या मातीकडे मात्र दर वेळी लक्ष जाई. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. जांभ्याची जमीन मला लांबूनही ओळखता येते. इथेही तोच जांभा आहे, आणि त्याच्या भुग्याला व खड्यांना इथली बंगाली माणसे ‘मोराम’ म्हणतात. आपला ‘मुरूम’ हा त्याचा सख्खा भाऊ. शेकडो मैलांचे अंतर असताना पायाखालच्या मातीचे नाव एकच निघावे, याचा मला त्या वेळी फार आनंद झाला होता.

याच मुरुमावर, रेल्वेमार्गापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, दुसऱ्या महायुद्धातल्या सर्वांत मोठ्या बॉम्बफेकी विमानांचा तळ उभा राहिला होता, हे मला बऱ्याच उशिरा कळले. २ एप्रिल १९४४ रोजी भारतातल्या तळावर जे पहिले बी-२९ विमान उतरले, ते चाकुलियालाच. ज्या जातीच्या विमानांनी पुढे दीड वर्षाच्या आत टोकियो जाळले आणि हिरोशिमा व नागासाकीवर अणुबॉम्ब टाकले, त्या जातीच्या युद्धातल्या कामगिरीची सुरुवात या सालवनातून झाली. चाकुलिया हे नाव मात्र आपल्याकडे कोणाला ठाऊक नसते. मलाही नव्हते.

हा तळ इथेच का झाला, याचे उत्तर नकाशात आहे. जपानवर बॉम्बहल्ले करायचे होते, पण १९४३ च्या अखेरीस अमेरिकेच्या हाती पॅसिफिक महासागरातले जपानच्या पुरेसे जवळचे एकही बेट नव्हते. चीन लढाईत टिकून राहावा म्हणून अध्यक्ष रूझवेल्ट यांना चीनला काहीतरी ठोस मदत दाखवायची होती. त्यातून जी योजना निघाली तिला ‘मॅटरहॉर्न’ हे सांकेतिक नाव मिळाले. विमानांचे मुख्य तळ बंगालच्या पश्चिम कडेला, कलकत्ता बंदराच्या आधाराने असावेत. तिथून त्यांनी हिमालय ओलांडून चीनमधल्या छंगतूजवळच्या तळांवर जावे, इंधन भरावे आणि मग जपानवर झेप घ्यावी, असा तो विचार होता. चीनमधल्या त्या तळांना जमिनीवरून रसद पोहोचवण्याची वाट जपानने ब्रह्मदेश घेऊन बंद केली होती. त्यामुळे हल्ल्यासाठी लागणारे पेट्रोल आणि बॉम्बही याच विमानांनी हिमालयावरून वाहून न्यायचे होते. एका विमानाला जपानपर्यंत एकदा जाता यावे म्हणून आधी बंगाल ते छंगतू अशा अनेक फेऱ्या कराव्या लागत. एकेका दिशेचे अंतर सुमारे १,९०० किलोमीटर होते. युद्धशास्त्र मला कळत नाही, पण घरातले धान्य शेताच्या बांधावर नेऊन पोहोचवण्यातच संपावे, तसा हा हिशेब आहे असे वाटत राहते.

तळ म्हणून निवडलेल्या जागा चाकुलिया, खरगपूर, दुधकुंडी आणि पियारडोबा या होत्या. दुधकुंडीचे काम वेळेत झाले नाही म्हणून पुरुलियाजवळच्या चर्रा या धावपट्टीचाही काही काळ उपयोग केला गेला. या भागात आधीपासून लहान विमानांसाठी सुमारे ६,००० फुटांच्या धावपट्ट्या होत्या. बी-२९ चा पंखविस्तार १४१ फूट, आणि इंधन व बॉम्ब भरल्यावर त्याचे वजन ६० टनांच्या घरात जाई. त्याला ती लांबी पुरणारी नव्हती आणि ती जाडीही पुरणारी नव्हती. धावपट्ट्या ७,५०० फुटांपर्यंत वाढवायच्या, जाड करायच्या, विमाने उभी करण्याच्या जागा बांधायच्या आणि हे सगळे काही महिन्यांत उरकायचे, असा तगादा होता.

त्या कामासाठी अमेरिकेतून अभियंत्यांच्या आणि बांधकामाच्या तुकड्या निघाल्या. त्यांतली विमानतळ बांधणारी एक पलटण ‘रोहना’ नावाच्या जहाजावर होती. ब्रिटिश इंडिया कंपनीचे हे जहाज, त्याचे बरेचसे खलाशी भारतीय. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानाने दूरनियंत्रित बॉम्ब टाकून ते बुडवले आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. त्यांत १,०१५ अमेरिकी सैनिक होते. शस्त्र नवे होते म्हणून ही बातमी गुप्त ठेवली गेली, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना आपला माणूस नेमका कसा गेला हे कितीतरी वर्षे कळले नाही. धावपट्टी बांधायला निघालेल्या आणि ती कधीच न पाहिलेल्या या माणसांचा मला इथे उल्लेख करावासा वाटतो, कारण धावपट्ट्यांच्या इतिहासात वैमानिक असतात, बांधणारे नसतात.

यंत्रे कमी आणि तीही उशिरा आली. ती येईपर्यंत आणि आल्यावरही बरेचसे काम हातांनी झाले. आसपासच्या हजारो बायकापुरुषांनी दगड फोडले, मुरूम खणला आणि पाट्या डोक्यावर घेऊन तो पसरला. त्यांत संथाळ होते, इतर आदिवासी होते, भूमिहीन शेतमजूर होते. आणि हे काम चालू होते ते साल १९४३ संपून १९४४ उजाडण्याचे होते.

त्या सालाबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे.

माझी आजी सांगायची की युद्धाच्या काळात ‘रंगूनचा तांदूळ’ बंद झाला आणि कोकणात घरोघरी पेजेला पाणी वाढले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेले, त्याचा तो परिणाम. मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात रेशनिंग सुरू झाले. आमच्याकडे ओढाताण झाली, पण ताटात काहीतरी पडत राहिले. बंगालमध्ये मात्र तिथला माणूस भातावाचून मेला. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये एक मण तांदूळ १३ ते १४ रुपयांना मिळत होता, तो ऑगस्ट १९४३ मध्ये ३७ रुपयांवर गेला. शेतमजुराची मजुरी त्या प्रमाणात वाढली नाही, आणि मासेमार, होडीवाले, कारागीर यांची तर मिळकतच आटली. जपानी सैन्य आलेच तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतून सरकारने जादा तांदूळ उचलला होता आणि दहापेक्षा जास्त माणसे नेऊ शकणाऱ्या होड्या जप्त केल्या होत्या. होडी गेली म्हणजे बंगालच्या त्या भागात रस्ताच गेला.

या सगळ्यात मेदिनीपूर जिल्हा, ज्याच्या हद्दीवर चाकुलिया आहे आणि ज्याच्या पोटात खरगपूर व दुधकुंडी होते, तो सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भरडला गेला. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी त्याच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आणि समुद्राची लाट आली, १४,००० हून अधिक माणसे गेली, गुरे किती गेली त्याला हिशेब नाही. त्याआधी दोनच आठवडे, २९ सप्टेंबरला, याच जिल्ह्यातल्या तमलुकमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या सत्तरीच्या मातंगिनी हाजरा पोलिसांच्या गोळ्यांनी पडल्या होत्या. बंडखोर जिल्हा म्हणून सरकारचा त्यावर रोष होता, आणि वादळाची बातमीसुद्धा सुरुवातीला दडपली गेली. त्याच डिसेंबरात तमलुकच्या लोकांनी सतीशचंद्र सामंत यांच्या नेतृत्वाखाली ताम्रलिप्त राष्ट्रीय सरकार स्थापन केले आणि ते १९४४ पर्यंत चालवले. साताऱ्याच्या प्रतिसरकारची आणि क्रांतिसिंह नाना पाटलांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचताना आपल्याच घरातली दुसरी खोली उघडल्यासारखे वाटते. आम्हाला शाळेत साताऱ्याचे सरकार शिकवले गेले, तमलुकचे कधी नाही. तिकडच्या मुलांना साताऱ्याचे शिकवतात की नाही, असा विचार मनात येऊन जातो.

मी दुष्काळाचे एवढे लांबण लावतो आहे, कारण विमानतळाची गोष्ट आणि दुष्काळाची गोष्ट या शेजारीशेजारी घडलेल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटत नाही. बंगालमधले तांदळाचे भाव का भडकले याची कारणे अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ तपासली आहेत, आणि त्यांत युद्धखर्चाचे कारण ठळक आहे. लष्करी बांधकामांवर, धावपट्ट्यांवर, छावण्यांवर सरकारने पैसा ओतला. तो ज्यांच्या हाती पडला त्यांनी धान्य विकत घेतले. ज्यांच्या हाती पडला नाही ते बाजाराबाहेर फेकले गेले. म्हणजे पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईला त्या दिवसाचा भात मिळाला असेल, आणि तिला ज्या कामाने भात दिला त्याच कामांनी मिळून दुसऱ्या गावातल्या बाईचा भात महाग केला. असे म्हणणे त्या पाटी वाहणारीवर आरोप करण्यासाठी नाही. तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. पण धावपट्टीच्या खाली नुसता मुरूम आहे, असे मला आता म्हणता येत नाही.

या विमानदलाचे मुख्यालय कुठे होते, हेही सांगण्यासारखे आहे. खरगपूरजवळ हिजली इथे राजबंद्यांसाठी सरकारने १९३० मध्ये छावणी उघडली होती. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तिथे निःशस्त्र बंद्यांवर गोळीबार झाला, त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे मारले गेले. त्यांचे मृतदेह न्यायला सुभाषचंद्र बोस आले होते, आणि रवींद्रनाथांनी प्रकृती बरी नसताना कलकत्त्याच्या निषेधसभेत उभे राहून भाषण केले होते. १९४२ मध्ये ही छावणी बंद झाली, आणि दोन वर्षांत तिच्याच इमारतीत अमेरिकी विमानदलाच्या अधिकाऱ्यांची टेबले लागली. जपानवरच्या हल्ल्यांची आखणी ज्या भिंतींच्या आत झाली, त्याच भिंतींवर तेरा वर्षांपूर्वी गोळ्या लागल्या होत्या. पुढे १९५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी तिथेच सुरू झाली. ती इमारत आजही त्या संस्थेच्या आवारात आहे, आणि तिच्यात विज्ञानाचे संग्रहालय आहे. मी ती पाहिली आहे. मुले तिथे यंत्रांच्या प्रतिकृती पाहतात.

विमाने आली ती अमेरिकेतून माराकेश, कैरो, कराची, कलकत्ता अशा मार्गाने. जमिनीवरच्या तुकड्यांपैकी अनेकजण मुंबई बंदरात उतरले आणि आगगाडीने देश आडवा ओलांडून खरगपूरला पोहोचले. इंजिने नवी होती आणि ती तापत. एप्रिलच्या मध्याला कराचीजवळ आठवडाभरात पाच विमाने अपघातात सापडली आणि मागून येणाऱ्यांना वाटेतच थांबवावे लागले. ५ जून १९४४ रोजी या तळांवरून ९८ विमाने बँकॉकच्या रेल्वे कारखान्यावर गेली. बी-२९ चा तो पहिला हल्ला होता. पाच विमाने गमावली, आणि नंतरच्या छायाचित्रांत नेमक्या जागी पडलेले बॉम्ब वीसही भरले नाहीत. १५ जूनच्या रात्री छंगतूहून निघालेल्या ६८ विमानांपैकी ४७ जपानमधल्या यावाता इथल्या पोलाद कारखान्यापर्यंत पोहोचली, आणि त्या आवारात एकच बॉम्ब पडला. जमशेदपूरमध्ये राहिलेल्या माणसाला हा तपशील बोचतो. चाकुलियाच्या आकाशातून पश्चिमेला पाहिले तर टाटांच्या भट्ट्यांचा उजेड दिसला असेल, आणि तिथून उडणाऱ्यांचे पहिले मोठे लक्ष्य दुसऱ्या एका पोलादनगरीच्या भट्ट्या हे होते.

पुढचे सगळे हल्ले मी सांगत बसत नाही. सिंगापूर, पालेंबांग, मांचुरिया अशी ती यादी आहे. ऑगस्टच्या अखेरीस कर्टिस लेमे या सेनापतीने सूत्रे घेतली, शिस्त आणि नेम दोन्ही सुधारले. पण तोवर पॅसिफिकमधली मारियाना बेटे अमेरिकेच्या हाती आली होती, आणि तिथून जपान एका झेपेच्या टप्प्यात होता. हिमालयावरून पेट्रोल वाहण्याचे कारण उरले नाही. मार्च १९४५ च्या अखेरीस सिंगापूरजवळ शेवटचा हल्ला करून ही सारी विमाने त्यांतल्या तिनियन बेटावर हलवली गेली. साधारण वर्षभरातच चाकुलिया रिकामे झाले.

त्या विमानांना वैमानिकांनी नावे दिलेली असत आणि ती नाकाजवळ रंगवलेली असत. त्यांतले ‘रॅम्प ट्रॅम्प’ हे पियारडोबाच्या दलाचे विमान जुलै १९४४ मध्ये मांचुरियावरच्या हल्ल्यातून परतताना सोव्हिएत हद्दीत व्लादिवोस्तोकला उतरले. नंतर आणखी दोन विमाने तशीच उतरली. सोव्हिएत सरकारने माणसे परत जाऊ दिली, विमाने ठेवून घेतली, एक विमान स्क्रूपर्यंत सुटे केले, प्रत्येक भाग मोजला आणि त्याच्यासारखे स्वतःचे टीयू-४ विमान बांधून १९४७ मध्ये मॉस्कोत उडवून दाखवले. बंगालच्या मुरुमावरून उडालेल्या विमानांपासून दुसऱ्या महासत्तेचे युद्धानंतरचे बॉम्बफेकी विमानदल असे उभे राहिले. त्या तिन्ही विमानांची नावे, त्यांचे क्रमांक, वैमानिकांची नावे, उतरण्याच्या तारखा, सगळे नोंदलेले आहे.

गेल्या वर्षी हिवाळ्यात मी चाकुलियाला उतरलो. टाटानगरहून सकाळची लोकल घेतली आणि स्थानकाबाहेर ‘हवाई अड्डा’ असे विचारले तेव्हा रिक्षावाल्याने दुसरा प्रश्न केला नाही. गाव संपल्यावर साल आणि पळस लागतात, मग झुडपे विरळ होतात आणि एकदम समोरची सगळी जमीन सपाट होते. धावपट्टीवर उभे राहिल्यावर प्रथम तिची रुंदी अंगावर येते. तिची दोन्ही टोके उन्हाच्या लाटेत विरघळलेली होती. भेगांतून गवत वर आले होते, काही ठिकाणी वरचा थर निघून खालचा लाल मुरूम पुन्हा दिसू लागला होता. एक मुलगा मोटारसायकल शिकत होता. एका कडेला धान वाळत घातले होते आणि एक बाई पायांनी ते उलटत होती. जंगलातून हत्ती येतात, संध्याकाळनंतर थांबू नका, असे तिने मला न विचारताच सांगितले.

गुरे घेऊन आलेला एक म्हातारा भेटला. बांगला मिसळलेल्या हिंदीत आम्ही बोललो. त्याचा जन्म युद्धानंतरचा, पण त्याची आजी या कामावर होती. मी उत्सुकतेने पुष्कळ प्रश्न विचारले. मजुरी किती मिळे, मुकादम कोण होता, किती महिने काम चालले, गोरे सैनिक कसे वागत. त्याला एकच गोष्ट ठाऊक होती: ‘दादी इथे पत्थर फोडायची.’ तिचे नाव विचारले तेव्हा तो थोडा वेळ आठवत राहिला. मग त्याने आपल्या वडिलांचे नाव सांगितले आणि म्हणाला, ‘सगळे तिला त्याची आई म्हणत.’

इथे पुन्हा विमाने सुरू करण्याचे बोलणे अधूनमधून निघते, ते त्याच्याही कानावर होते. त्याला त्याबद्दल राग नव्हता आणि उत्साहही नव्हता. ‘मग मोराम कुठून काढणार?’ एवढेच त्याने विचारले, आणि मला बरोबर घेऊन तो झुडपांच्या आड असलेल्या तळ्याकडे गेला.

ते तळे नव्हते. आमच्याकडे चिरेखाणी बंद पडल्यावर पावसाळ्यात भरतात, तशी ती मुरूम काढलेली खाण होती, एखाद्या शाळेचे मैदान मावेल एवढी, आणि तिच्या उभ्या कडा ऐंशी वर्षे होऊनही ढासळलेल्या नव्हत्या, कारण जांभा उघडा पडला की हवेने कठीण होत जातो. खोदकामाच्या जागी किती खोल खणले ते मोजता यावे म्हणून मजूर मध्ये मूळ जमिनीचा एक खांब न खणता ठेवतात. वरचा गवताचा माथा तसाच राहू देतात, आणि काम संपल्यावर त्याच्या उंचीवरून मजुरीचा हिशेब होतो. पाण्याच्या मधोमध तसा एक खांब अजून उभा होता. त्याच्या माथ्यावर गवत होते आणि त्यावर एक खंड्या बसला होता. म्हाताऱ्याने गुरे पाण्यात सोडली. मी त्या खांबाची उंची नजरेने मोजू लागलो. पाण्याच्या वर तो पुरुषभर होता, आणि खाली किती आहे असे विचारल्यावर म्हाताऱ्याने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि आणखी वर, असे दाखवले.